नर्सिंग पूर्ण झालं, आता मुलाखतीची फाईल कशी तयार कराल?

निकाल लागतो, इंटर्नशिप संपते आणि कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘अमुक हॉस्पिटलमध्ये वॉक-इन आहे, ओरिजिनल घेऊन या’ असे मेसेज फिरायला लागतात. मग घरात एकच धावपळ उडते. कपाटातली प्लास्टिकची पिशवी निघते, अब्बा झेरॉक्सच्या दुकानात रांगेत उभे राहतात, भाऊ सायबर कॅफेत बसून कुणाच्या तरी जुन्या बायोडेटात नाव बदलतो. रात्री अकरा वाजता फाईल ‘तयार’ होते आणि सकाळी मुलगी ती छातीशी धरून मुलाखतीला जाते. पण त्या फाईलमध्ये काय आहे, हे तिलाच नीट सांगता येत नाही.

मालेगाव, भिवंडी, सोलापूर, नांदेड, परभणी, रत्नागिरी अशा अनेक ठिकाणच्या मुस्लिम घरांतून आज मुली आणि मुलंही नर्सिंगला जात आहेत. कुठे घरातली ती पहिलीच शिकलेली मुलगी असते. तीन-चार वर्षांची फी, हॉस्टेल, युनिफॉर्म, ये-जा असा खर्च घराने पोटाला चिमटा काढून केलेला असतो. पहिली नोकरी लवकर लागली नाही, तर ‘झालं ना शिक्षण, आता स्थळ बघू’ हे वाक्य यायला वेळ लागत नाही. म्हणून या फाईलचा विषय आम्हाला किरकोळ वाटत नाही.

आमचं सांगणं एका वाक्यात असं आहे. नव्या नर्सची फाईल म्हणजे सर्टिफिकेटांचा गठ्ठा नसतो; तुम्ही स्वतःच्या हातांनी काय केलंय आणि काय अजून केलेलं नाही, याचा तो खरा हिशोब असतो. हा हिशोब चोख असला की अनुभव नसतानाही मुलाखत चांगली जाते.

फाईल पाहतं कोण?

खासगी रुग्णालयात साधारण दोन टप्पे असतात. पहिल्यांदा एचआरवाले कागद तपासतात. त्यांना बघायचं असतं की शिक्षण मान्यताप्राप्त आहे, कौन्सिलची नोंदणी आहे, नाव आणि तारखा जुळतात. दुसरा टप्पा नर्सिंग सुपरिंटेंडेंट, मेट्रन किंवा एखाद्या वॉर्ड इन्चार्ज सिस्टरचा. त्यांना मार्कांत फार रस नसतो. ‘हिला उद्या रात्री वॉर्डात उभं केलं तर रुग्ण सुरक्षित राहील का?’ एवढंच त्यांना कळून घ्यायचं असतं. काही ठिकाणी लेखी पेपर आणि पुतळ्यावर डेमोही घेतात.

सरकारी भरतीत गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथे बऱ्याच पदांसाठी परीक्षा आणि गुणवत्ता यादीवर निवड होते. पण यादीत नाव आल्यावर कागदपत्र पडताळणी असतेच आणि एका कागदासाठी हातातली संधी जाऊ शकते. त्यामुळे फाईल दोन्हीकडे लागते.

तेव्हा फाईलचे दोन भाग करा. पहिला कागदांचा, दुसरा कामाचा. बहुतेक मुलांकडे फक्त पहिला भाग असतो.

पहिला भाग : कागद

साधी, चांगल्या प्रतीची क्लिअर पॉकेटची फाईल घ्या. सुरुवातीला एक पान अनुक्रमणिकेचं ठेवा. त्यानंतर हा क्रम सोयीचा पडतो :

१. बायोडेटा. एक पान, फार तर दोन.
२. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं नोंदणी प्रमाणपत्र. अजून हातात आलं नसेल तर अर्ज केल्याची पावती.
३. अंतिम वर्षापासून मागे जात सगळ्या मार्कशीट, पासिंग किंवा पदवी प्रमाणपत्र, इंटर्नशिप पूर्ण केल्याचा दाखला.
४. बारावी, दहावी, शाळा सोडल्याचा दाखला.
५. आधार, पॅन आणि असेल तर पासपोर्ट.
६. लसीकरणाच्या नोंदी आणि इतर कोर्सची सर्टिफिकेटं.
७. कॉलेजच्या प्राचार्यांचं किंवा क्लिनिकल इन्स्ट्रक्टरचं शिफारसपत्र.

नोंदणी दुसऱ्याच नंबरवर का? कारण नोंदणीशिवाय नर्स म्हणून काम करता येत नाही. बीएस्सी नर्सिंगची पदवी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची असो, की जीएनएमची परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळाची असो, पास झाल्यावर कौन्सिलकडे नाव नोंदवावंच लागतं. निकाल लागल्यावर ‘सावकाश करू’ म्हणू नका, त्याच आठवड्यात अर्जाला लागा. सोलापूर आणि मराठवाड्यातली बरीच मुलं बिदर, कलबुर्गीकडे शिकायला जातात. त्यांची पहिली नोंदणी कर्नाटकच्या कौन्सिलकडे होते आणि इथे काम करायचं तर ती महाराष्ट्रात आणावी लागते. त्याला वेळ जातो, हे धरून चाला.

सरकारी पदांसाठी अर्ज करणाऱ्यांनी आणखी एक कप्पा ठेवावा. अधिवास प्रमाणपत्र आणि ओबीसीत मोडत असाल तर जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रिमिलेअर. बागवान, तांबोळी, अत्तार, पिंजारी, मोमीन अशा अनेक बिरादरींची मुलं यासाठी पात्र असतात, पण घरात कुणी कधी दाखला काढलेलाच नसतो. जाहिरात आल्यावर तहसीलला पळून उपयोग होत नाही. नॉन-क्रिमिलेअरची मुदत संपते, ती तारीख फाईलच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा.

नावाचा घोळ आत्ताच मिटवा

आपल्या घरांत सगळ्यात जास्त अडचण इथे येते. दहावीच्या मार्कशीटवर ‘शेख’चं इंग्रजी स्पेलिंग एक, आधारवर दुसरं, कॉलेजच्या दाखल्यावर तिसरं. वडिलांच्या नावात ‘मोहम्मद’ कुठे पूर्ण, तर कुठे नुसतं ‘मो.’. एकीकडे आडनाव आधी, दुसरीकडे शेवटी. ‘बी’ किंवा ‘बानो’ एका कागदावर आहे, दुसऱ्यावर नाही. घरी हे कुणाच्या लक्षातही येत नाही. पण कागद तपासणाऱ्या माणसाला ही दोन वेगळी माणसं वाटू शकतात.

एक काम करा. सगळे कागद जमिनीवर ओळीने मांडा आणि वहीत प्रत्येकावरचं नाव, वडिलांचं नाव आणि जन्मतारीख अक्षर न् अक्षर उतरवा. दहावीचं प्रमाणपत्र पाया धरा, कारण जन्मतारीख आणि नावासाठी बहुतेक ठिकाणी तेच मागतात. आधार आणि पॅन त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या, ते तुलनेने सोपं असतं. किरकोळ फरक उरलाच तर ‘ही दोन्ही नावं माझीच आहेत’ असं प्रतिज्ञापत्र करून फाईलला लावा. नाव खरोखरच बदललं असेल तर राजपत्रात प्रसिद्ध करून ती प्रत जोडा.

निकाह झालेल्या मुलींसाठी एक सांगणं. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे, असा कायदा नाही. कौन्सिलची नोंदणी, पासपोर्ट आणि मार्कशीट माहेरच्या नावावर असतील तर तेच नाव चालू ठेवणं सगळ्यात सोयीचं. बदलायचं ठरवलं तर सगळीकडे बदला. अर्धं इकडे, अर्धं तिकडे नको. निकाहनामा आणि विवाह नोंदणीची प्रत फाईलमध्ये असू द्या.

बायोडेटा : कमी लिहा, खरं लिहा

‘मेहनती, प्रामाणिक, टीमवर्कची आवड’ ही वाक्यं प्रत्येकाच्या बायोडेटात असतात, म्हणून ती कुणी वाचत नाही. नाव, संपर्क, नोंदणी क्रमांक, शिक्षण, इंटर्नशिप कुठे आणि किती दिवस, कोणत्या वॉर्डांत, एवढं ठळक दिसू द्या. छंद, उंची, वजन, वैवाहिक स्थिती यांची गरज नसते.

भाषांची ओळ मात्र नीट लिहा. उर्दू माध्यमातून आलेल्या मुली ती ओळ लाजत लाजत लिहितात. खरं तर मराठी, हिंदी, उर्दू आणि घरची दखनी बोलणारी नर्स वॉर्डात सोन्यासारखी असते. घाबरलेल्या म्हाताऱ्या रुग्णाला तिच्या बोलीत ‘कहाँ दुखता?’ विचारणारी सिस्टर हवी असते. कोणती भाषा बोलता येते आणि कोणती वाचता-लिहिता येते, हे वेगळं लिहा. इंग्रजी कच्चं असेल तर तसंच सांगा, पण वॉर्डातल्या नोंदी आणि औषधांची नावं इंग्रजीत नीट लिहिता येतात, हे दाखवता आलं पाहिजे.

मध्ये एखादं वर्ष गेलं असेल, विषय राहिला असेल, तर तारखा फिरवून लपवू नका. ‘दुसऱ्या वर्षी एक विषय राहिला, पुढच्या परीक्षेत काढला’ हे एका वाक्यात सांगून झालं की विषय संपतो. लपवलेलं सापडलं तर मात्र मुलाखत तिथेच संपते.

दुसरा भाग : हातांचा हिशोब

आता फाईलचा खरा जीव. कॉलेजमध्ये तुम्ही लॉगबुक भरलेलं असतं, मिडवाइफरीचं केसबुक असतं. ते जाडजूड पुस्तक मुलाखतीत कुणी उघडून बघत नाही. त्यावरून दोन पानं तयार करा.

पहिल्या पानावर वॉर्डवार नोंद. नमुना म्हणून एक नोंद अशी असू शकते :

‘मेडिकल वॉर्ड, ३० खाटा, ६ आठवडे. इन्चार्ज सिस्टरच्या देखरेखीखाली एका शिफ्टला ५ रुग्ण. नाडी, रक्तदाब, तापमान, ऑक्सिजनची नोंद, तोंडाने आणि इंजेक्शनने औषधं, इन्सुलिन, इनटेक-आऊटपुट चार्ट, शिफ्ट बदलताना रुग्णाची माहिती देणं.’

अशाच नोंदी सर्जिकल, लहान मुलांचा विभाग, लेबर रूम, ऑपरेशन थिएटर, आयसीयू, मानसोपचार आणि गावातल्या आरोग्य केंद्राच्या पोस्टिंगच्या. खाटा आणि आठवडे लिहिल्याने वाचणाऱ्याला अंदाज येतो की तुम्ही किती गर्दीत काम केलंय.

दुसऱ्या पानावर तीन रकाने आखा. पहिला, ‘स्वतंत्रपणे करू शकते’. दुसरा, ‘देखरेखीखाली केलंय’. तिसरा, ‘फक्त पाहिलंय’. मग एकेक काम योग्य रकान्यात टाका. आयव्ही लावणं, कॅथेटर, रायल्स ट्यूब, ड्रेसिंग, नेब्युलायझेशन, सक्शन, ईसीजी काढणं, रक्त चढवताना लक्ष ठेवणं, नॉर्मल डिलिव्हरी, व्हेंटिलेटरवरचा रुग्ण सांभाळणं.

तिसरा रकाना लिहायला मुलं घाबरतात. ‘मला येत नाही असं मीच लिहून देऊ?’ हो, द्या. नव्या नर्सला व्हेंटिलेटर येत नाही, हे समोरच्या मेट्रनला आधीच माहीत असतं. तिला भीती असते ती येत नसताना ‘येतं’ म्हणणाऱ्या नर्सची. रात्री दोन वाजता अशी नर्स विचारणार नाही, अंदाजाने करेल. तिसरा रकाना प्रामाणिकपणे भरणारी मुलगी विचारेल. शिवाय या रकान्यामुळे पुढचा प्रश्न तुमच्या सोयीचा येतो : ‘मग हे शिकायला किती दिवस लागतील?’

या दोन पानांवर क्लिनिकल इन्स्ट्रक्टरची सही मिळाली तर फारच उत्तम. कॉलेज सोडण्याआधी ती घेऊन ठेवा. नंतर मॅडम बदलून जातात.

दोन रुग्णांची दोन पानं

यानंतर प्रत्येकी एका पानाच्या दोन केस लिहा. पुस्तकातून उतरवलेली केस स्टडी नको. तुम्ही खरोखर सांभाळलेला रुग्ण घ्या. रुग्णाला काय त्रास होता, तुम्ही काय पाहिलं, कुणाला सांगितलं, काय केलं, पुढे काय झालं आणि त्यातून काय शिकलात. एवढ्या सहा गोष्टी पुरेत.

समजा मधुमेह असलेली, पन्नाशीची बाई सर्जिकल वॉर्डात आहे. सकाळी तिला घाम फुटलाय, ती असंबद्ध बोलतेय, हे तुमच्या लक्षात आलं. तुम्ही लगेच सिस्टरला हाक मारली, ग्लुकोमीटरने साखर तपासली, ती कमी निघाली, सांगितल्याप्रमाणे उपचार झाले, थोड्या वेळाने पुन्हा साखर मोजून नोंद केली. नंतर कळलं की इन्सुलिन दिल्यावर तिने नाश्ताच केला नव्हता. शिकलात काय, तर इन्सुलिन देण्याआधी ‘नाश्ता आलाय का, खाणार आहात का’ हे विचारायचं. असं एक पान दहा सर्टिफिकेटांपेक्षा जास्त बोलतं. रमजानमध्ये रोजा ठेवणाऱ्या मधुमेही रुग्णांबद्दलही तुम्हाला दोन शब्द सांगता आले, तर ती तुमची जमेची बाजू.

इथे एक नियम पक्का पाळा. रुग्णाचं नाव, नोंदणी क्रमांक, पत्ता, फोटो, रिपोर्टची झेरॉक्स, यातलं काहीही फाईलमध्ये येता कामा नये. जखमेचा फोटोसुद्धा नको. रुग्णाने आपलं दुखणं तुमच्यावर विश्वास ठेवून उघडं केलेलं असतं, ती अमानत आहे. ज्या फाईलमध्ये दुसऱ्याच्या रुग्णाचं नाव दिसतं, ती पाहून मेट्रनच्या मनात पहिला विचार येतो की उद्या ही आमच्या रुग्णांचंही असंच करेल. वॉर्डात युनिफॉर्मवर काढलेले रील इन्स्टाग्रामवर असतील आणि मागे रुग्ण दिसत असेल, तर तेही आजच काढून टाका.

सर्टिफिकेटं आणि लसी

बेसिक लाइफ सपोर्ट, म्हणजे बीएलएसचं सर्टिफिकेट नव्या नर्सने जरूर घ्यावं. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या सर्टिफिकेटची मुदत दोन वर्षं असते, ती तारीख बघा. एसीएलएस महाग असतं, ते आयसीयूकडे जायचं नक्की झालं की करा. कॉलेजमधल्या एक दिवसाच्या वेबिनारची वीस सर्टिफिकेटं लावून फाईल फुगवू नका. दोन-तीन निवडक पुरेत, पण त्यात काय शिकलात हे सांगता आलं पाहिजे.

हिपॅटायटिस बी लसीचे तीन डोस नेहमी शून्य, एक आणि सहा महिन्यांनी देतात. म्हणजे नोकरी लागल्यावर सुरू केलं तर सहा महिने जातात. इंटर्नशिपमध्येच पूर्ण करा आणि नोंदीचा कागद जपून ठेवा. सुईशी रोज संबंध येणाऱ्या माणसासाठी ही स्वतःच्या जिवाची काळजी आहे, नुसता फाईलचा कागद नाही.

‘अनुभवाचं सर्टिफिकेट मिळवून देतो’ म्हणणाऱ्यांपासून सावध

आता जरा कडू बोलावं लागेल. नव्या मुलांना कुणीतरी भेटतो आणि सांगतो, ‘दोन वर्षांचा अनुभव दाखवू, एवढे पैसे द्या, थेट आखातात जाल.’ घरची ओढाताण पाहून आई-वडीलही विरघळतात.

हे करू नका. आखाती देशांत नर्सचे कागद तपासण्याचं काम डेटाफ्लोसारख्या कंपन्या करतात. त्या तुम्ही दिलेला कागद पाहून थांबत नाहीत. ज्या कॉलेजने, कौन्सिलने किंवा रुग्णालयाने तो दिला, त्यांनाच थेट विचारतात. ‘आमच्याकडे ही व्यक्ती नव्हती’ असं उत्तर आलं, की तुमच्या नावावर नकारात्मक अहवाल लागतो आणि खरे कागदही संशयात येतात. इथल्या मोठ्या रुग्णालयांतही पगाराच्या स्लिपा, बँकेचं पासबुक, पीएफची नोंद मागतात. कौन्सिलच्या नोंदणीच्या तारखेआधीचा ‘अनुभव’ तर पहिल्या नजरेतच पकडला जातो.

आणि समजा पकडला गेला नाही, तर? मग तुम्हाला दोन वर्षांची अनुभवी म्हणून आयसीयूत रात्रपाळीला एकटं उभं करतील. समोर कुणाची तरी आई असेल. खोट्या कागदावर मिळालेल्या जागेवर तिच्या जिवाशी खेळ झाला, तर त्या पगाराला हलाल रोजी म्हणता येईल का, हा प्रश्न घरात बसून स्वतःला विचारा.

खरा अनुभव मिळवण्याचा रस्ता लांब वाटतो, पण सरळ आहे. एम्सच्या नॉरसेट परीक्षेसाठी जीएनएम झालेल्यांना किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. म्हणून पहिली नोकरी निवडताना पगाराबरोबर खाटाही विचारा आणि नेमणूकपत्र हातात घ्या. परदेशी जायचंच असेल तर एक माहीत असू द्या : आखाती देशांसह काही ठरावीक देशांत नर्स म्हणून जायला सरकारची ई-मायग्रेट मंजुरी लागते आणि भरती सरकारमान्य संस्थांमार्फतच व्हायला हवी. व्हिजिट व्हिसावर जाऊन नोकरी शोधायचा सल्ला कुणी दिला, तर त्याला दारातूनच सलाम करा.

मुलाखतीत फाईल वापरायची कशी?

फाईल टेबलावर ठेवून गप्प बसू नका. ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हटलं की वडिलांचं नाव, भावंडं, गाव यापासून सुरू करायची आपली सवय असते. त्याऐवजी असं बोला : ‘मी यंदा जीएनएम पूर्ण केलं. इंटर्नशिप सहा महिने, त्यात जास्त काळ मेडिकल आणि सर्जिकल वॉर्डात होते. आयव्ही, कॅथेटर, ड्रेसिंग मी करू शकते, आयसीयूत अजून शिकायचं आहे. त्याचा तपशील या पानावर आहे.’ आणि ते पान उघडा. अर्ध्या मिनिटात बोलणं तुमच्या कामाकडे वळतं.

काही प्रश्न जवळपास सगळीकडे येतात. त्यांची तयारी करून ठेवा.

औषध देताना काय तपासाल? योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ आणि दिल्यावर नोंद. डॉक्टरांचं अक्षर लागत नसेल तर अंदाजाने द्यायचं नाही, विचारायचं.

सुई टोचली तर? साबण आणि वाहत्या पाण्याने धुवायचं, दाबून रक्त काढायचं नाही, लगेच इन्चार्जला कळवायचं. एचआयव्हीसाठीचं प्रतिबंधक औषध लागणार असेल तर ते जितकं लवकर तितकं चांगलं, शक्यतो दोन तासांत, ७२ तासांच्या पुढे नाही.

कचरा कुठे टाकाल? २०१६च्या नियमांप्रमाणे रक्ताने भरलेला कापूस आणि ड्रेसिंग पिवळ्यात, आयव्ही सेट, कॅथेटर आणि हातमोजे लाल डब्यात, सुया आणि ब्लेड पांढऱ्या, न फुटणाऱ्या डब्यात, काचेच्या बाटल्या निळ्यात.

५०० मिली सलाईन ८ तासांत द्यायचं, सेट २० थेंबांचा आहे, तर मिनिटाला किती थेंब? ५०० गुणिले २० म्हणजे १०,०००, भागिले ४८० मिनिटं. उत्तर जवळपास २१. हे कागदावर न घाबरता करता आलं पाहिजे.

तुमच्या हातून चूक झाली तर? आधी रुग्ण पाहायचा, लगेच इन्चार्ज आणि डॉक्टरांना सांगायचं, नोंद करायची, लपवायचं नाही. हे उत्तर पाठ करून चालत नाही, मनापासून यावं लागतं.

एखादा प्रश्न येत नसेल तर ‘मला आत्ता खात्री नाही, मी सिस्टरला विचारून करेन’ असं म्हणा. हे उत्तर कमीपणाचं नाही.

हिजाब, नाईट ड्यूटी आणि ‘लग्न कधी?’

हे प्रश्न आपल्या मुलींच्या मनात असतातच, तर मोकळेपणाने बोलू. काही रुग्णालयं युनिफॉर्मसोबत स्कार्फ चालवून घेतात, काही ठरावीक रंग किंवा टोपी सांगतात, काही नाही म्हणतात. मुलाखतीच्या शेवटी, तुम्हाला काही विचारायचं आहे का म्हटलं की, सरळ विचारा : ‘मी स्कार्फ बांधते. तुमच्या युनिफॉर्मच्या रंगाचा, घट्ट पिन केलेला चालेल का?’ बाह्यांचाही विचार आधीच करून जा. हात धुताना आणि रुग्णाला हात लावताना कोपरापर्यंत बाही वर असावी, असा अनेक ठिकाणी नियम असतो. तो संसर्ग टाळण्यासाठी आहे. वर सरकवता येईल अशी बाही असेल तर बराचसा प्रश्न तिथेच सुटतो. घड्याळ, अंगठ्या, बांगड्या आणि वाढलेली नखं वॉर्डात चालत नाहीत.

नाईट ड्यूटी नर्सिंगमध्ये टळत नाही. घरी न विचारता ‘हो’ म्हणून नंतर ‘अब्बा नाही म्हणतात’ असं झालं, तर पुढच्या मुलींचीही वाट अडते. महिन्याला किती नाईट, हॉस्टेल आहे का, रात्री ये-जा करायला गाडी आहे का, हे तिथेच विचारा. ईदची सुट्टी हवी असेल तर ‘दिवाळीला मी ड्यूटी करेन’ असं सांगता येतं. वॉर्डात अशी अदलाबदल नेहमीच चालते.

‘लग्न कधी करणार?’ असं विचारलं तर चिडू नका, खोटंही सांगू नका. ‘नोकरी चालू ठेवायचं घरात ठरलेलं आहे’ एवढं बास. मात्र ते खरोखर ठरलेलं असलं पाहिजे.

घरच्यांनो, तुमच्यासाठी

मुलाखतीला सोबत जा, जरूर जा, पण आत जाऊ नका आणि एचआरला परस्पर फोन करू नका. त्याऐवजी आदल्या संध्याकाळी मुलीसमोर बसा आणि फाईलमधलं कुठलंही पान उघडून विचारा, ‘हे काय आहे, सांग.’ तुम्हाला नर्सिंग कळलं नाही तरी चालेल. ती अडखळली की समजायचं, ते पान अजून तयार नाही. रात्रपाळीबद्दल काय ठरलंय, हेही त्याच बैठकीत स्पष्ट करा.

मूळ कागद दाखवायला न्या, पण तिथे ठेवून येऊ नका. बाँडवर सही करायला सांगितलं तर प्रत घरी आणा, दोन दिवस मागा, जाणत्या माणसाला दाखवा. किती महिने, मध्येच सोडलं तर किती रक्कम, मूळ सर्टिफिकेटं ठेवून घेणार का, हे तीन मुद्दे आधी वाचा. पडताळणीसाठी मूळ कागद द्यावेच लागले तर तारखेसह लेखी पोच घ्या. सगळ्या कागदांचं स्वच्छ स्कॅन पीडीएफमध्ये करून मेलवर ठेवा. पावसाळ्यात घरात पाणी शिरलं, तरी मुलीचं शिक्षण वाहून जाणार नाही.

नोकरी लागली की फाईल बंद करू नका

ज्या दिवशी नोकरी लागेल, त्या दिवसापासून नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा, ट्रेनिंगचे दाखले त्याच फाईलमध्ये जाऊ द्या. दर तीन महिन्यांनी ते तीन रकान्यांचं पान काढा आणि तिसऱ्या रकान्यातलं एखादं काम दुसऱ्यात, दुसऱ्यातलं पहिल्यात सरकवा. सोडताना अनुभवाचा दाखला मागा. त्यावर पद, विभाग, तारखा आणि रुग्णालयाच्या खाटा लिहिलेल्या असू द्या. कौन्सिलची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागते, ती तारीखही आतल्या बाजूला लिहा.

ज्यांची इंटर्नशिप अजून चालू आहे, त्यांनी आजच एक वही घ्यावी आणि रोज ड्यूटीवरून आल्यावर तीन ओळी लिहाव्यात : आज काय केलं, काय पाहिलं, काय विचारायचं राहिलं. सहा महिन्यांनी फाईल बनवायला रात्र जागावी लागणार नाही, नुसती वही उघडावी लागेल.